डीएनएजवळची चरबी नेमकं करते काय?

नमस्कार! या दोन वाट्या बघा. एकीत तूप, दुसरीत करडईचं तेल. दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये होत्या. तूप घट्ट थिजलंय, तेल अजून ओघळतंय. हा फरक जिवाणूच्या डीएनएपर्यंत पोचतो.

ई. कोलाय हा जिवाणू घ्या. लांबी जेमतेम 2 मायक्रॉन, आणि आतला डीएनए उलगडला तर दीड मिलिमीटरहून जास्त! केंद्रक नाही, त्यामुळे डीएनए आणि चरबीचं पेशीपटल अगदी शेजारी-शेजारी. डीएनए या पटलाला जोडलेला असावा, असं जेकब, ब्रेनर आणि क्यूझँ या शास्त्रज्ञांनी 1963 मध्येच सुचवलं होतं.

पण अडचण अशी, की डीएनएवर ऋण प्रभार आणि पटलातल्या कार्डिओलिपिन नावाच्या चरबीवरही ऋण प्रभार. दोघं एकमेकांना ढकलणारच. मग मध्ये कुणीतरी लागतं: मॅग्नेशियमसारखा धन आयन, नाहीतर एखादं प्रथिन.

असंच एक प्रथिन म्हणजे डीएनए-ए, आणि मला ते फार आवडतं. डीएनएची नक्कल जिथून सुरू होते तिथे ते बसतं आणि डीएनएचे दोन धागे उकलतं. त्यासाठी त्याच्याकडे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, हवा. काम झालं की एटीपीचा एडीपी, म्हणजे त्याचं वापरलेलं रूप, होतो, तो त्याला घट्ट चिकटून राहतो आणि प्रथिन निपचित पडतं. 1988 मध्ये सेकिमिझू आणि आर्थर कोर्नबर्ग यांनी परीक्षानळीत त्यात कार्डिओलिपिन घातलं. एडीपी सुटला, नवा एटीपी बसला, प्रथिन पुन्हा कामाला लागलं! मात्र चरबी पातळ हवी. तिच्यात तेलातल्यासारखी असंतृप्त मेदाम्लं (चरबी पातळ ठेवणारे घटक) असतील तरच हे जमतं. थिजलेल्या चरबीने नाही. म्हणून या वाट्या.

जिवंत पेशीत हे इतकं सरळ नाही, हेही सांगायला हवं. कार्डिओलिपिनसारखे ऋणप्रभारी फॉस्फोलिपिड (पटलातल्या चरबीचे रेणू) जवळजवळ नसलेले काही उत्परिवर्तित जिवाणूही जगतात.

आता उलटी गोष्ट. फॅड-आर नावाचं प्रथिन डीएनएला धरून बसतं आणि चरबी जाळणारी जनुकं बंद ठेवतं. जिवाणूला बाहेरून ओलेइक आम्ल हे असंतृप्त मेदाम्ल मिळालं, की त्याचा कोएन्झाइम-ए (पेशीतला एक मदतनीस रेणू) जोडलेला रेणू फॅड-आरमध्ये शिरतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि डीएनएवरची पकड सुटते. चरबी जाळायला सुरुवात. गंमत म्हणजे हेच फॅड-आर असंतृप्त मेदाम्लं बनवणाऱ्या जनुकांना चालना देत असतं. तेव्हा ते सुटल्यावर घरचा घाणाही मंदावतो.