भुसी आणि पेलाभर पाणी

[दृश्य : लातूर जिल्ह्यातलं एक गाव. एप्रिलची दुपार. ओसरीवर माठ, माठावर पेला पालथा.]

निवेदन :

उन्हाळा लागला की मराठवाड्यातली माणसं पाणीसुद्धा हात राखून पितात. शेतात नेलेली एक बाटली दिवस कलेपर्यंत पुरवायची असते. एस.टी.नं लांब जायचं असेल, तर बायका सकाळपासून घोटही घेत नाहीत. वाटेत आडोसा मिळेल याची खात्री नसते. मग संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, हळूच सांगितलं जातं : "पोट साफ होईना गेलंय. काहीतरी द्या."

बहुतेक वेळा हातात पडतं ते इसबगोलचं पाकीट.

[दृश्य : तळहातावर फिकट गुलाबी बिया, शेजारी पांढरी भुसी.]

इसबगोल आपल्याकडचं पीक नव्हे. ते गुजरात-राजस्थानातलं, रब्बीचं. मेहसाणा जिल्ह्यातलं उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. नाव फारसी : अस्प म्हणजे घोडा, गोल म्हणजे कान. बी जवळून पाहिलं की घोड्याचा कान लगेच ओळखू येतो. आपण खातो ती या बियांवरची साल, म्हणजे भुसी.

आता हा पेला बघा. चमचाभर भुसी टाकली, ढवळली. थोडा वेळ थांबू या.

[दृश्य : पेल्यातलं पाणी घट्ट होत जातं.]

पाणी कुठं गेलं? भुसीनं धरून ठेवलं. पाणी शोषून लगदा होणारा हा चोथा आपल्याला पचत नाही. तो आतड्यांतून पुढं सरकतो, मळ मऊ ठेवतो आणि कुंथावं लागत नाही. पातळ जुलाबातही हीच भुसी जादा पाणी धरून मळाला बांधा देते. बद्धकोष्ठावर आणि जुलाबावर एकच वस्तू कशी, हा प्रश्न आमच्या गावातही विचारला जातो. त्याचं उत्तर या पेल्यात आहे.

पोटाच्या पलीकडेही तिचं काम चालतं, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. चरबी पचवायला यकृत पित्त तयार करतं. त्यातली पित्ताम्लं एरवी आतड्यातून परत शोषली जातात आणि पुन्हा वापरात येतात. हा लगदा त्यांतली काही अडकवून बाहेर नेतो. मग नवी पित्ताम्लं करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज साधारण १० ग्रॅम भुसी काही आठवडे घेणाऱ्यांमध्ये वाईट कोलेस्टेरॉल ५ ते १० टक्क्यांच्या आसपास उतरल्याचं दिसलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९८ साली इसबगोलच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली, ती याच आधारावर.

साखरेचंही तसंच. लगद्यामुळं जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, तेव्हा ही गोष्ट घरोघरी कामाची. पण भुसी सुरू केली म्हणून मधुमेहाची गोळी बंद करायची नाही.

[दृश्य : रेल्वेचे पाण्याचे टँकर, जुनं छायाचित्र.]

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. माझे वडील तेव्हा भुसी कोरडीच तोंडात टाकायचे आणि दोन घोटांवर उतरवायचे. पाणी वाचवायचं म्हणून. एक दिवस ती छातीत अडकून फुगली. त्यांना धड बोलताही येईना. दवाखान्यात नेईपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. म्हणून हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो : भुसी कोरडी खाऊ नका. मोठा पेला भरून पाण्यात ढवळा, घट्ट व्हायच्या आत प्या, वर आणखी पाणी प्या. पुरेसं पाणी नसेल त्या दिवशी भुसीही नको.

सुरुवात अर्ध्या चमच्यानं. एकदम जास्त घेतली तर पोट फुगतं. इतर औषधं आणि भुसी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होतो, आतड्याचं ऑपरेशन झालंय, किंवा किडनीच्या आजारामुळं पाणी मोजून प्यायला सांगितलंय, अशांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर भुसीवर दिवस काढू नयेत.

[दृश्य : आठवडी बाजार. जवस, मेथीदाणे, गवार, मोसंबीचे ढीग.]

मोठ्या माणसानं दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ, म्हणजे चोथा, खावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तेही अन्नातून. ज्वारीच्या भाकरीत चोथा भरपूर असतो, पण बहुतेक न विरघळणारा. इसबगोलसारखा पाण्यात लगदा होणारा, म्हणजे विरघळणारा हवा तर जवसाची चटणी आहे, भिजवलेली मेथी आहे, गवार, भेंडी, हरभरा आहे. जालन्याची मोसंबी रस काढून प्यायली की तिचा चोथा उकिरड्यावर जातो. पांढऱ्या सालीसकट फोडी खाल्ल्या तर तो पोटात येतो.

[दृश्य : संध्याकाळ. ओसरीवर वडील. पेल्यात भुसी ढवळतात.]

वडील आता ७८ वर्षांचे आहेत. रात्री जेवणानंतर पेलाभर पाण्यात भुसी घेतात. त्याआधी एक तांब्या भरून शेजारी ठेवून घेतात, मगच पाकीट उघडतात.