पागडीवरचे खेळ

(इंदूरच्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मघाशी दारात चपला काढताना एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "तू गेमच्या दुकानांवर बोलणार म्हणे. ही दुकानं आहेत कुठे? सियागंजात, की सपना-संगीता रोडवर?" मी म्हटलं, काका, तशी कुठेच नाहीत. त्यावर ते म्हणाले, "मग पैसे कुठे जातात?" मी घरून एक छान सुरुवात लिहून आणली होती, ती तिथेच खिशात घातली. पैसे कुठे जातात आणि त्यांच्या बदल्यात आपल्या घरात नेमकं काय येतं, एवढंच मला आज सांगायचंय.

माझ्या लहानपणी दुकान होतं. जेल रोडवर, एका जिन्याखाली. अगदी जिन्याखालीच, ताठ उभं राहिलं की पायरी डोक्याला लागायची. तिथे सीडी मिळायच्या. पारदर्शक पिशवी, आत चकती, चकतीवर स्केचपेनने लिहिलेलं नाव, आणि त्या नावाचं स्पेलिंग दर खेपेला नवं. माल चोरीचा होता, हे आता सांगताना कानकोंडं व्हायला होतं. तेव्हा याहून वेगळा माल असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. प्रोजेक्ट आयजीआय मी तिथूनच आणला. मागच्या रांगेतले चाळिशीचे चेहरे हसताहेत, म्हणजे ओळख पटली! सन 2000 मधला, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा गेम. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा गडी शत्रूच्या तळात शिरतो, आणि कामगिरी सुरू झाली की मधे कुठेही सेव्ह करायची सोय नाही. अर्धा-पाऊण तास दबकत जायचं, शेवटच्या इमारतीपाशी एक गोळी लागली की परत कुंपणापासून. त्यात ते आपल्याकडच्या वीजकपातीचे दिवस. डेव्हिड जोन्स शत्रूच्या हातून जितक्या वेळा मेला, त्याहून जास्त वेळा दिवे गेले म्हणून मेला.

पण ती सीडी माझी होती. ओरखडा पडला तर टूथपेस्ट लावून पुसायची, मित्राला द्यायची, मग ती परत मिळावी म्हणून त्याच्या घरी चकरा मारायच्या. मालकी म्हणजे हे सगळं.

आता स्टीमकडे, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या इंटरनेटवरच्या दुकानाकडे, येऊ. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर 2003 मध्ये ते सुरू केलं, मुख्यतः स्वतःच्या गेमना अपडेट पोचवण्यासाठी. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्यांचाच हाफ-लाइफ 2 हा गेम आला आणि तुम्ही खोक्यातली डिस्क विकत घेतली असली तरी स्टीमवर खातं उघडल्याशिवाय गेम चालेना. लोकांनी खूप शिव्या घातल्या. मग सवय झाली. खोकं नावापुरतं उरलं, नंतर तेही गेलं. आपल्याला मात्र हे दुकान बरीच वर्षं परकंच होतं, कारण भाव डॉलरमध्ये आणि कार्ड आंतरराष्ट्रीय लागायचं. 2015 च्या नोव्हेंबरात तिथे रुपयांत किमती दिसू लागल्या. आता तर यूपीआयने पैसे देता येतात, भाजीवाल्याला देतो तसे.

आणि तरीही ती खरेदी नाही. ती पागडी आहे.

आमच्या आजोबांनी राजवाड्यामागे दोन खोल्या पागडीवर घेतल्या होत्या. एकरकमी पैसे मोजले, दरमहा भाडं नावाला, आणि राहायचं जन्मभर. शेजारीपाजारी "तुमचं घर" म्हणायचे. पण मोरीची फरशी बदलायची तर मालकाला विचारायचं. स्टीमवर तुमचं असंच असतं. पैसे एकरकमी, खेळा हवं तितकं, पण हाती येतो तो वापराचा परवाना. हे करारात पहिल्यापासून लिहिलेलं होतं, वाचत कोणी नव्हतं. कॅलिफोर्नियात कायदा झाला की ग्राहकाला हे स्पष्ट सांगा, तेव्हा ऑक्टोबर 2024 पासून पैसे भरायच्या पानावरच तशी ओळ दिसू लागली. आणि इथे पागडी परवडली म्हणायची वेळ येते. आजोबा गेल्यावर त्या खोल्या माझ्या बाबांकडे आल्या. स्टीमचं खातं मृत्युपत्राने मुलाला देता येत नाही. कोणी पासवर्ड लिहून ठेवला आणि मुलगा गुपचूप खेळत राहिला तर गोष्ट वेगळी, पण ते झालं पोटभाडेकरूसारखं.

याचा त्रास होतो का? बहुतेकांना कधीच होत नाही. युबिसॉफ्टच्या द क्रू या शर्यतीच्या गेमवाल्यांना झाला. 2014 चा गेम, पैसे मोजून घेतलेला. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि गेम चालायचा थांबला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा, कारण तोही सर्व्हरच्या जिवावर होता. त्यावरून युरोपात "गेम मारू नका" अशी मोठी मोहीम उभी राहिली. माझं स्वतःचं नुकसान किरकोळ आहे. एका छोट्या दुकानातून, नाव घेत नाही, मी अकरा गेम घेतले होते. दुकान बंद झालं. तसा मेल आलेला होता, पण मी तो दोन महिन्यांनी उघडला. अकरापैकी नऊ गेम मी एकदाही सुरू केले नव्हते, त्यामुळे नेमकं दुःख कशाचं करायचं हेही कळेना.

खरेदीखताच्या जवळ जाणारं मोठं दुकान म्हणजे जीओजी. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये काढलं, तेव्हा ते फक्त जुन्या गेमचं होतं. इथे गेमला कुलूप नसतं. इन्स्टॉल करायची फाइल उतरवून घ्या, हार्ड डिस्कवर ठेवा, उद्या दुकान उठलं तरी फाइल चालते. कायद्याच्या भाषेत तोही परवानाच आहे बरं का, पण किल्ली तुमच्या खिशात. शिवाय जुने गेम आजच्या विंडोजवर चालावेत म्हणून ते डागडुजी करतात. प्रोजेक्ट आयजीआय मी तिथूनच परत घेतला, या वेळी रीतसर. जिन्याखालच्या दुकानाचं पाप थोडं फिटलं असेल. उणी बाजू अशी की काही गेमची अपडेट तिथे उशिरा पोचतात. नाव तेच आणि माल वेगळा, आपल्या दुधाच्या शिकंजीसारखं. इंदूरबाहेर शिकंजी मागितली की समोर लिंबाचं पाणी येतं आणि आपण बघत राहतो.

एपिक गेम्स स्टोअर म्हणजे सदावर्त. डिसेंबर 2018 मध्ये दार उघडलं, तेव्हापासून फुकट गेमची पंगत चालूच आहे, आता तर दर आठवड्याला नवं ताट. मे 2020 मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, त्यांनी जीटीए 5 फुकट वाटला आणि गर्दीने दुकानच कोलमडलं. गंमत म्हणजे या दुकानात खरेदीची टोपली यायला तीन वर्षं लागली. तोवर एकेक वस्तू घेऊन वेगळं बिल करायचं. मी तिथे पंगतीला जातो, विकत फारसं घेत नाही. मात्र गेम बनवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर उलटं आहे. हजार रुपयांच्या विक्रीत स्टीम साधारण तीनशे कापून घेतं (खूप खपणाऱ्या बड्यांना थोडी सूट मिळते), एपिकने सुरुवातच एकशेवीसवर केली. आणि इच डॉट आयओ नावाच्या छोट्या दुकानात तर किती टक्के कापायचे ते विकणाराच ठरवतो, शून्यसुद्धा. कॉलेजातल्या मुलांनी पहिला गेम केला असेल तर तिथे ठेवावा.

मग मी घेतो कुठून? शेवटी बहुतेक वेळा स्टीमवरूनच, आणि त्याचं कारण सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतलं आहे. तिथे जिन्नस आधी चाखायला देतात. घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळून 2 तास झाले नसतील तर स्टीम कारण विचारून कटकट न करता पैसे परत करतं. दोन तास भरपूर झाले. शिवाय 2024 पासून एका घरातल्या सहा जणांना गेम वाटून खेळता येतात. मात्र एकाच प्रतीवर दोघांना एकदम बसता येत नाही; घरातला एकच टीव्ही आणि संध्याकाळची मालिका आठवा. जे जन्मभर जपावंसं वाटतं, ते मी जीओजीवर असेल तर तिथून घेतो. तेवढा फरक मी करतो.

आता गेल्या काही महिन्यांत काय खेळलो ते सांगतो.

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. लुकास पोप यांचा 2018 चा गेम, मी पोचलो आत्ता. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज 1803 मध्ये बेपत्ता होतं आणि 1807 मध्ये रिकामं परत येतं. तुम्ही कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावरच्या साठ जणांपैकी प्रत्येकाचं नाव काय, तो कसा गेला, कोणाच्या हातून गेला, हे वहीत भरायचं. चित्रं जुन्या मॅकिंटॉशसारखी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. हातात एक घड्याळ, ते मृत्यूच्या क्षणी नेऊन सोडतं. आधी काळोखात आवाज, मग गोठलेलं दृश्य.

माझे बाबा विमा कंपनीत चौतीस वर्षं क्लेम बघत होते. ते दूध घ्यायला चालले होते, पातेलं हातात, आणि माझ्या खुर्चीमागे थांबले. मी एका खलाशाचं नाव अंदाजाने भरलं. बाबा म्हणाले, "पुरावा?" मी म्हटलं, पोशाखावरून वाटतो. "वाटतो म्हणजे काय? झोपायच्या झोळीवर नंबर आहे, तो यादीशी लाव." झोळीवर नंबर होता, मला दिसलाच नव्हता. त्या दिवशी दूध आलं नाही. पुढचे नऊ दिवस ते रात्री साडेआठला जेवून माझ्या आधी खुर्चीत. हा गेम तीन-तीन नावं बरोबर आली तरच शिक्का मारतो, म्हणजे एखाद-दुसरं ठोकून देऊन निभत नाही. बाबांना ही पद्धत फार पटली. आमच्या ऑफिसात अशी असती तर, वगैरे. आणि शेवटी मृतांच्या वारसांना किती रक्कम द्यायची तो हिशेब येतो, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन प्रकरणांत आक्षेप नोंदवला. मला विचाराल तर या गेमची उणीव एकच. एकदा उलगडला की पुन्हा खेळता येत नाही. बाबा म्हणतात, क्लेमसुद्धा दुसऱ्यांदा उघडत नाहीत.

बालाट्रो हा पत्त्यांचा. 2024 च्या फेब्रुवारीत आला, कॅनडातल्या एकाच माणसाने लोकलथंक या टोपणनावाने केलेला. पोकरचे हात लावायचे, गुण मिळवायचे आणि दीडशे जोकरांतून असे निवडायचे की गुण फुगत जातील. डावावर पैसे लावावे लागत नाहीत, म्हणून मी तो दिवाळीत मावशीच्या हाती दिला. मावशी तीन पत्तीत मुरलेली. पहिल्याच डावात भडकली, "हे काय! रनपेक्षा कलर मोठा?" तिचं बरोबर होतं, तीन पत्तीत रन (ओळीने लागलेली पानं) हा कलरपेक्षा (एकाच चिन्हाच्या पानांपेक्षा) मोठा. मलाही कारण माहीत नव्हतं, म्हणून कागदावर मोजलं. तीन पानांत रन 720 तऱ्हांनी जमतो आणि कलर 1,096. पाच पानांवर गेलात की रन 10,200 तऱ्हांनी आणि कलर फक्त 5,108. जे दुर्मीळ ते मोठं, एवढंच. मावशीने कागद बघितला, "हं" म्हणाली आणि कलर जमवायला लागली. आता ती माझ्या पुढे आहे. एक सांगून ठेवतो: हा गेम "एकच डाव" म्हणून रात्री दहानंतर उघडू नका. माझा एका सोमवारचा घास त्याने घेतला आहे.

राजी. हा 2020 चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, म्हणून जरा आपुलकीने आणि म्हणूनच जरा कडक बोलतो. सर्कशीतली मुलगी धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत आपसांत बोलतात. राजस्थानी वाडे, लघुचित्रांचे रंग. भिंतीवर चढताना, खांबावरून झेप घेताना जीव रमतो. मारामारी मात्र दुसऱ्या तासाला कंटाळवाणी होते, आणि गोष्ट जिथे रंगते तिथेच संपते, पडदा मधेच पडल्यासारखी. नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाज आले, तेव्हा त्यांतले संवाद एकदम जागेवर बसले. मराठी नाही. पुण्याच्या गेममध्ये मराठी नाही यावर इंदूरकराने काय बोलावं? आपल्या घरी मुलं आपसांत कुठल्या भाषेत भांडतात ते आपल्याला माहीत आहे.

सचिव घड्याळाकडे बघताहेत. मागच्या टेबलावर मी लॅपटॉप ठेवलाय. त्यात इंटरनेट जोडलेलं नाही, मुद्दामच. हार्ड डिस्कवरच्या फाइलमधून प्रोजेक्ट आयजीआय लावून ठेवलाय. काका, तुमच्या पैशांचं काय झालं ते तिथे बघायला मिळेल. ज्यांना बसायचंय त्यांनी आधी चहा घेऊन यावं. मधे सेव्ह होत नाही.