चार नावांची ओळ

पहाटेची थंडी अजून उतरलेली नाही. चार हुतात्मा पुतळ्यांभोवतीची जागा नुकतीच धुऊन घेतली आहे, झेंडूच्या हारांची टोपली खाली ठेवली आहे, आणि हार घालायला आलेले एक वृद्ध गृहस्थ चपला बाजूला काढत आहेत, देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा. आज १२ जानेवारी. गावात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आहेत; पण सोलापूरकरांच्या मनात या तारखेला त्याआधी आणखी एक आठवण जागी होते.

१९३० च्या मे महिन्यात महात्मा गांधींना अटक झाली आणि हे गिरणगाव पेटून उठले. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात, जिच्या रसापासून दारू होते ती शिंदीची झाडे तोडण्यावरून लोक आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण धारातीर्थी पडला. पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून जणू उठूनच गेला होता. रस्त्यांवरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. त्या काळात गांधी टोपी घालणे आणि तिरंगा लावणे हासुद्धा गुन्हा ठरला होता. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवरील दोन पोलिसांच्या मृत्यूबद्दल चौघांवर खटला चालला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन.

ही नावे सावकाश वाचावीत, कारण या स्मारकाचे सारे बळ या एका ओळीत साठलेले आहे. धनशेट्टी लिंगायत, आडनावातच कानडी मुलखाचा वास, सारडा मारवाडी, शिंदे मराठा, आणि ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवणारे, गिरणी कामगारांत वावरणारे कुर्बान हुसेन मुसलमान, वयाने जेमतेम विशीचे. खटल्यासाठी सरकारने निवडलेल्या चौघांत सगळे सोलापूर आपसूक उतरले.

कारण हे शहरच मुळी बाहेरून आलेल्यांनी विणलेले आहे. कापडाच्या गिरण्या निघाल्या, हातमाग वाढले, तशी तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे येत राहिली आणि त्यांनी पूर्व भाग वसवला. कर्नाटकातून, मारवाडातून, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून माणसे आली ती इथलीच झाली. आजही एकाच गल्लीत आजी तेलुगूत रागावते, नातू मराठीत उत्तर देतो आणि शेजारी दखनीत हाक मारतो, यात इथे कुणाला नवल वाटत नाही.

चपला काढून ठेवणारे ते गृहस्थ याच पूर्व भागातले. त्यांचे आजोबा करीमनगरकडून आले, वडील हातमागावर बसले आणि स्वतः त्यांनी यंत्रमागावर चादरी विणल्या. त्यांच्या हाताकडे कॅमेरा नेला तर दिसते की उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा यांच्यातली कातडी सुताने घासून गुळगुळीत झाली आहे. त्याच दोन बोटांनी ते हाराची गाठ सोडतात आणि सैल झालेले एक फूल पुन्हा दोऱ्यात अडकवतात. या चौघांत तेलुगू नाव एकही नाही, याची त्यांना खंत वाटते का, असे विचारले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि सांगितले की चौघांची घरे वेगवेगळी असल्यामुळे पाचव्याला उभे राहायला जागा उरली आहे. आम्हाला हे बोलणे कुठल्याही भाषणापेक्षा अधिक खरे वाटले.

नव्याने येणाऱ्यांना मात्र हा चौक आधी पत्ता म्हणून कळतो. उत्तर प्रदेश, बिहारहून बांधकामावर आलेला मजूर रिक्षावाल्याला ‘चार पुतळे’ एवढेच सांगतो, आणि ते चार कोण, हे त्याला पुष्कळदा महिनोन्महिने ठाऊक नसते. यात त्याचा दोष नाही. सांगण्याचे काम आपले आहे, आणि ते आपण पुरेसे करत नाही, हे इथे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. त्याच सकाळी डबा मांडीवर घेऊन मुकादमाची वाट पाहणारा एक तरुण नावे एकेक अक्षर लावून वाचत होता. कुर्बान हुसेन या नावाशी तो थांबला, शेजारच्या नावाकडे वळला, आणि ही सारी माणसे एकाच दिवशी गेली का, असे त्याने विचारले. आम्ही हो म्हटल्यावर तो डबा खाली ठेवून उभा राहिला.

आता काळाचे चाक उलटे फिरले आहे. मोठ्या गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागांची घरघर विरळ झाली, आणि एके काळी दुरून माणसे बोलावून घेणाऱ्या या गावची मुले कामासाठी पुण्याला जातात. तिथे भाड्याच्या खोलीत तीही परगावची ठरतात, बोलीवरून ओळखली जातात. त्यांना नेणाऱ्या गाडीचे नाव हुतात्मा एक्सप्रेस आहे. ती सकाळी सोलापूरहून सुटते, येरवडा ज्या शहरात आहे त्या पुण्याला पोहोचते, आणि रात्री त्यांना घेऊन परत येते.