थोरल्या बाईला विचारा

(दृश्य: ओसरी. जातं, तुरीची रास. पितळी तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल.)

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातलं हे गाव. उन्हं अंगणात उतरली आहेत आणि आजींनी तूर भरडायला काढली आहे. खुंट्याला एक हात त्यांचा, एक नातीचा. नात लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलच्या पडद्यावर लाल ठिपका दिसतोय. तो कशाचा, हे आजींना ठाऊक आहे. त्यांना विचारूनच रेकॉर्डिंग चालू केलंय.

जातं मुद्दाम मांडलंय. खुर्चीवर बसवून समोर कॅमेरा धरला की आजी म्हणतात, ‘काय सांगावं माय, झालं तसं झालं.’ तिथंच विषय संपतो. हाताला काम असलं की बोलणं आपसूक सुरू होतं. पहिला घास जात्यात पडला आणि त्यांना आईची ओवी आठवली, ओवीमागून आईचं माहेर आठवलं आणि माहेरामागून तिथली वाट.

नात साल विचारत नाही. आजींच्या आधार कार्डावर 1 जानेवारी ही जन्मतारीख आहे. ज्यांना तारीख सांगता आली नाही त्यांच्या कार्डावर तीच पडली, आणि शाळेत गेलेल्या कितीतरी जणांना गुरुजींनी 1 जून लावली. म्हणून तिचा प्रश्न असतो, ‘पोलीस ॲक्शनला तू केवढी होतीस?’

‘भावाला कडेवर घेण्याइतकी.’

(दृश्य: आजींचा चेहरा. मागे जात्याची घरघर.)

देश 1947 च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला, मराठवाडा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. हीच ती पोलीस ॲक्शन. दर 17 सप्टेंबरला आपल्याकडं ध्वजवंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थांचं आणि लढलेल्या माणसांचं स्मरण होतं. ते व्हायलाच हवं. पण रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, धाकानं रातोरात घर सोडून बार्शी-सोलापूरच्या बाजूला निघालेल्या बायांनी बरोबर काय घेतलं, मागं काय ठेवलं, लेकराचा आवाज होऊ नये म्हणून काय केलं, हे कोणत्या दप्तरात शोधायचं? ते ह्या ओसरीवरच विचारावं लागतं.

आजींच्या आईनं चांदीचे वाळे चुलीच्या राखेत पुरले होते. ज्वारीच्या पिठात गूळ कालवून त्याचे मुटके पदरात बांधले होते. परत आल्यावर वाळे जागेवर सापडले. माळवद, म्हणजे घराचं मातीचं सपाट छत, मात्र एका बाजूनं बसलं होतं.

इथं नात गप्प राहते, ते नीट बघा. पुढचा प्रश्न तिच्या ओठावर आहे, पण ती थांबते. आजी तूर चाळतात, कोंडा फुंकतात आणि स्वतःहूनच पुढं बोलायला लागतात. मुलाखत घेणाऱ्यानं सगळ्यात आधी हे शिकावं. मधे बोललं की म्हातारं माणूस आपलं सोडून तुमच्या प्रश्नाच्या मागं येतं.

(दृश्य: आजींचा उजवा अंगठा, जवळून.)

हा वण 1972 च्या दुष्काळातला आहे. दुष्काळी कामावर खडी फोडताना हातोडा बसला, त्यावर फडक्याची चिंधी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. नात विचारते, ‘दिवसभर काय काय करायचीस? उठल्यापासून सांग.’ ह्या एका प्रश्नानं सगळं कामच डोळ्यासमोर उभं राहतं. तांबडं फुटायच्या आत निघायचं, तान्ह्याला बाभळीच्या सावलीत झोळीत टाकायचं, ढीग रचायचा, मुकादम येऊन मोजेपर्यंत तिथंच बसायचं. लेकरांना सुकडी मिळायची. घरी लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी व्हायच्या आणि त्या थापताना तुटायच्या. रोजगार हमीचा कायदा पुढं 1977 मध्ये झाला. गावाबाहेरच्या पाझर तलावाचा बांध त्या दुष्काळात ह्याच बायांच्या टोपल्यांनी भरला गेला.

ह्या भागात घरच्यांचं बोलणं नोंदवून ठेवायची निकड आणखी एका कारणानं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जन करून गावं निजली असताना भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांतली दगडमातीची घरं बसली. हजारो माणसं गेली. लग्नाचे फोटो, जमिनीचे कागद, पत्रं, सगळं त्याच ढिगाऱ्याखाली गेलं.

(दृश्य: शेजारच्या चाची वाकळ शिवताना.)

ह्या चाची. टाका घालता घालता अर्धं दखनीत, अर्धं मराठीत बोलतात. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान घरांनी फार सोसलं. ते बोलणंही ह्याच गावाचं आहे आणि तेही नोंदवलंय. त्यातला एक भाग घरातच राहू द्या, असं चाचींनी सांगितलं. तो इथं दाखवलेला नाही.

(दृश्य: वही, पत्र्याची ट्रंक, लॅपटॉप.)

रेकॉर्डिंग झालं की नात त्याच बैठकीत फाइलला नाव देते: कोण, कुठलं गाव, कोणती तारीख, कशाबद्दल. नाव न देता पडलेली फाइल दोन वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही. वहीत मिनिटं लिहायची आणि पुढं विषय: वाळे, खडी, तान्हं, तलाव. आजी ‘व्हते’ म्हणाल्या तर ‘व्हते’च लिहायचं. मूळ फाइल कापायची नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दबून लहान होतो, म्हणून नातलगांना पाठवायची प्रत वेगळी आणि जपायची वेगळी. जपायच्या प्रती तीन: एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक पुण्याला मामाकडं.

ट्रंकेतल्या कागदांवर कुठं मोडी, कुठं उर्दू. त्यांचे फोटो उजेडात, सपाट धरून काढायचे, पाठीमागची बाजूसुद्धा. वाचून देणारा माणूस पुढं मिळेल. फोटोत कोण कोण आहे, हे मात्र आजच विचारून लिहायला हवं, कारण ते सांगू शकणारं घरात एकच माणूस आहे.

घरच्या वंशावळीत आतापर्यंत फक्त पुरुषांची नावं होती. आजींच्या सासूचं आणि त्यांच्याही सासूचं नाव आता तिथं लिहिलं गेलंय.

येत्या रविवारी नात पलीकडच्या गल्लीत जाणार आहे. तिथल्या मावशी वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायच्या. त्यांच्याकडं जातं नाही. सोयाबीन निवडायला बसू या, असा निरोप त्यांनीच धाडलाय.