पहिलं गिऱ्हाईक घरातलंच

हे किर्लोस्करवाडी स्टेशन, पुणे-मिरज लाईनवर, सांगली जिल्ह्यात. कंपनीचं नाव थेट रेल्वेच्या तिकिटावर! एवढं ब्रँडिंग आजच्या कुठल्या एजन्सीला जमेल?

१९१० साली इथं निवडुंग, दगडधोंडे आणि साप. बेळगावात सायकलचं दुकान चालवलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखान्याला जागा शोधत होते आणि औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी हे माळरान दिलं, पण असल्या आडमाळावर कामगार येणार कुठनं, आणि आला तर टिकणार कसा? लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवायचा होताच (लोखंडानं जमीन नासते म्हणायचे लोक तेव्हा), पण त्याच्याआधी इथं राहणं माणसांना पटायला पाहिजे होतं. म्हणून कारखान्याबरोबर वस्ती उभी राहिली, तिचा कारभार भाऊ रामूअण्णांनी बघितला, वस्तीत शिवाशिव पाळायची नाही असं ठरलं, आणि राखणीला कोण ठेवलं? तर तुरुंगातून सुटून आलेली माणसं. विश्वास म्हणतात तो हा, पोस्टरवरचा नाही.

१९२० ला शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. सुरुवात कंपनीच्या खबरबातीनं, आणि पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक होऊन मराठी घराघरात गेलं.

आता सगळं गोडगोड होतं असं मी नाही म्हणणार. घर पण मालकाचं, नोकरी पण मालकाची, मग तक्रार करायची तर कुणाकडं, हा प्रश्न अशा प्रत्येक कंपनी-गावात असतोच.

म्हणजे आधी आपल्याच माणसाला पटवायचं, तोच पहिलं गिऱ्हाईक. खूप नंतर जपानमध्ये क्वालिटीचे जाणकार काओरू इशिकावा यांनी हेच कारखान्याच्या आत नेलं: पुढच्या टप्प्यावरचा माणूस आपला कस्टमर. फाउंड्रीचं, म्हणजे ओतशाळेचं, गिऱ्हाईक म्हणजे मशीनशॉप, जिथं ते ओतकाम लेथवर घडवतात. ओतकामात हवेचं भोक राहिलं तर बाहेरच्या कस्टमरच्या आधी ते लेथवाल्याला कळतं, त्याचं टूल तुटतं, शिफ्ट वाया जाते आणि वर बोलणी पण तोच खातो.

आज नव्या कामगाराला काय मिळतं? जॉइनिंग किट, लोगोवाला मग, टीशर्ट. वाईट नाही हो, टीशर्ट मी पण घालतो. पण पगाराच्या स्लिपमध्ये चूक झाली की त्याच माणसाला अकाउंट्सवाले एचआरकडं पाठवतात, एचआरवाले कंप्यूटरवर तक्रारीचं तिकीट टाका म्हणतात, आणि बाहेरच्या कस्टमरचा फोन मात्र दुसऱ्या रिंगला उचलला जातो.