सात नंबरचा सामना दुसऱ्यांदा का खेळवला?

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सिम लीगमधल्या एका क्वार्टरबॅकची कारकीर्द : कौशल्य किती, योग किती’. कौशल्य आणि योग यांचा हिशेब मी मांडणार आहे, कागदही आणलेत. पण आधी त्या क्वार्टरबॅकबद्दल बोलते. त्याच्यावर जो अन्याय झाला तो झाला नसता, तर हा हिशेब मी कधी इतक्या खोलात जाऊन केला नसता.

समोर लीगवाले बरेच दिसताहेत, त्यामुळे चार डाउन आणि दहा यार्ड समजावत बसत नाही. जे सोबत म्हणून आलेत त्यांच्यासाठी एवढंच सांगते. हा अमेरिकन फुटबॉल. मैदानात एका बाजूचे अकरा जण, आणि चेंडू कुणाला द्यायचा, कुणाकडे फेकायचा, की फेकायचाच नाही, हे दोन-तीन सेकंदांत ज्याला ठरवावं लागतं तो क्वार्टरबॅक. पुण्याला हा खेळ अगदीच परका नाही बरं का. २०१२ साली एलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली तेव्हा तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. मला त्या लीगबद्दल आस्था आहे, पण आजचा विषय तो नाही.

आपला विषय सिमचा, म्हणजे खऱ्या खेळाच्या नकलेचा : संघ आपण चालवायचा, सामना फासे किंवा संगणक ठरवतो. ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. हॅल रिचमन नावाच्या न्यूयॉर्ककडच्या एका मुलानं शाळेत असतानाच फासे टाकून बेसबॉल खेळायची रीत तयार करायला घेतली. बाजारात मिळणारा खेळ त्याला खरा वाटत नव्हता. पुढे १९६१ मध्ये त्यातूनच ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ निघालं, आणि १९६८ मध्ये त्याचं फुटबॉल आलं. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, कार्डावर त्याच्या खऱ्या कामगिरीवरून काढलेल्या शक्यता, आणि फासे. १९९८ मध्ये जिम गिंडिन यांचं ‘फ्रंट ऑफिस फुटबॉल’ आलं आणि ज्याला संघ चालवायचा आहे, ड्राफ्ट करायचा आहे, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडायचे आहेत, पगाराच्या मर्यादेत करार बसवायचे आहेत, त्याला घर मिळालं. आज आपण ज्या लीग खेळतो त्यांत खेळाडू बहुतेक काल्पनिकच असतात. प्रोग्रॅम त्यांना जन्माला घालतो, वाढवतो, म्हातारं करतो. आपण संघाची फाइल पाठवायची, कमिशनरनं, म्हणजे लीग चालवणाऱ्यानं, सगळ्या फाइली लावून सिम मारायचा. रविवारी रात्री कमिशनरकडे सिम झाला की आपल्याकडे सोमवारची पहाट असते. माझ्या घरी सोमवारी दूध तापायच्या आधी निकाल वाचला जातो.

तर सात नंबर. नाव सांगत नाही, कारण प्रोग्रॅमनं दिलेलं नाव कुणालाच आठवत नाही आणि सात नंबर म्हटलं की आमच्या लीगमधला प्रत्येक जण सरळ बसतो. ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीत तो आमच्या वाट्याला आला. आता इतक्या उशिराच्या फेरीतला क्वार्टरबॅक म्हटलं की कुणीतरी टॉम ब्रेडीचं उदाहरण देतंच. २००० सालचा ड्राफ्ट, सहावी फेरी, १९९वा क्रमांक, आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. माझं म्हणणं आहे की कर्ट वॉर्नर अधिक विलक्षण. त्याला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, आणि १९९९च्या सीझनमध्ये तो सुपर बोल जिंकला, त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. असो. आमच्या सात नंबरचा हात कमकुवत होता. लांब फेक जमायची नाही. पण अचूकता चांगली होती आणि निर्णयक्षमता त्याहून चांगली होती, आणि स्काउटिंगच्या कागदावर ही दुसरी गोष्ट धूसर असते. प्रोग्रॅम ती मुद्दाम धूसर ठेवतो. खऱ्या संघांनाही ती तशीच धूसर दिसते.

पहिली काही वर्षं तो बाकावर बसला. मग आमचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि सात नंबर आत आला तो पुन्हा बाहेर गेला नाही. दिमाखदार खेळ नव्हता त्याचा. आठ यार्ड, सहा यार्ड, पुन्हा आठ यार्ड. समोरच्या संघाच्या मालकांना त्याचा कंटाळा यायचा, आणि सामना हातातून गेल्यावर तो कंटाळा जायचा. (हशा)

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरून आमच्या लीगमध्ये वर्षभर वाद झाला. क्वार्टरबॅकचं मोजमाप म्हणून आपण जे पासर रेटिंग वापरतो ते एनएफएलनं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगनं, १९७३ मध्ये स्वीकारलं. चार भाग: किती फेकी पूर्ण झाल्या, प्रत्येक फेकीमागे यार्ड किती, टचडाउन, म्हणजे समोरच्याच्या टोकाला चेंडू पोहोचवून मिळवलेले गुण, किती, आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याच्या हातात गेलेल्या फेकी, किती. प्रत्येक भागाला शून्य ते २.३७५ अशी मर्यादा, चारांची बेरीज, भागिले सहा, गुणिले शंभर. म्हणून कमाल रेटिंग १५८.३. आता बघा, एखाद्या क्वार्टरबॅकनं सामनाभर प्रत्येक चेंडू मुद्दाम जमिनीवर फेकला, एकही फेक पूर्ण केली नाही, पण एकही समोरच्याच्या हातात दिली नाही, तर त्याचं रेटिंग किती? ३९.६! इंटरसेप्शन नाही म्हणून तो चौथा भाग त्याला पूर्ण मिळतो. मी वर्गात हे गणित घालायचे तेव्हा मुलांना आधी खरंच वाटत नसे. तर असं हे माप, आणि याच मापावर लोक आमच्या सात नंबरला ‘संपला’ म्हणायला लागले. एका वर्षी नऊ इंटरसेप्शन, पुढच्या वर्षी सोळा. वय वाढलं, उतार लागला, विका त्याला, असा सल्ला रोज यायचा.

वयाचं म्हणाल तर प्रोग्रॅममध्ये प्रत्येक जागेसाठी उताराचा एक आलेख असतो आणि मला तो मान्य आहे. पण पुण्यात उभं राहून वयाबद्दल बोलताना प्रा. दि. ब. देवधरांना कसं विसरायचं? १९४४ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, रणजी सामन्यात नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतक! कुठल्याही सिममध्ये असा खेळाडू निघाला तर मालक कमिशनरकडे तक्रार करतील की फाइल बिघडली. आलेख सरासरीचा असतो, माणूस सरासरीचा असेलच असं नाही.

आम्ही त्याला विकलं नाही. आणि त्याच वर्षी आम्ही उपांत्य फेरीत पोहोचलो.

समोर लीगमधला सर्वांत बलाढ्य संघ. पहाटे निकाल उघडला. मी चालवार नोंद वाचते, थेट आकडा बघत नाही, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मध्ये बोलत नाही. आम्ही तिसऱ्या सत्रापर्यंत मागे. शेवटच्या चालींच्या मालिकेत सात नंबर आपल्याच टोकाजवळ. आठ यार्ड, सहा यार्ड, एक फेक चुकली, पुन्हा अकरा यार्ड. चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या संधीवर, मध्यात छोटा पास, आणि नवीन डाउन. आणि घड्याळ संपता संपता कोपऱ्यात टचडाउन. अख्ख्या सामन्यात एकही इंटरसेप्शन नाही. आम्ही अंतिम फेरीत. मुलीला फोन केला, बहिणीला केला, कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांना केला. त्यातल्या निम्म्यांना हा खेळ कळत नाही, पण सगळ्यांना आनंद झाला.

संध्याकाळी कमिशनरचा निरोप आला. हरलेल्या मालकाची खेळाडूंच्या क्रमवारीची फाइल वेळेत आली होती, पण लावायची राहिली, असं त्या मालकाचं म्हणणं. म्हणून जुना बॅकअप चढवून सामना पुन्हा सिम केला आहे. सोबत नवा निकाल. सात नंबर : तीन इंटरसेप्शन. आम्ही बाहेर. पहिल्या सामन्याची नोंद पुसलेली.

मी विचारलं, याबाबत नियम कुठे लिहिलाय? कुठेच नव्हता. त्याच्या आदल्या सीझनला दुसऱ्या एका मालकानं अगदी हीच तक्रार केली होती, तेव्हा त्याला उत्तर मिळालं होतं की आता पुढच्या आठवड्यापासून काळजी घ्या. तो मालक नवा होता, हा जुना होता. मला याचा राग आला आणि आजही आहे. संघ हरला याचा नाही. हरणं मी या खेळात भरपूर पाहिलंय. राग याचा की एक घडलेली गोष्ट न घडलेली ठरवली. पुढच्या सीझनआधी प्रोग्रॅमनं सात नंबरला निवृत्त केलं. त्याच्या नावापुढे आज जो शेवटचा सामना दिसतो तो दुसरा.

आता मी तुम्हाला आपल्या इथल्याच मैदानावर नेते. डिसेंबर १९४८, पूना क्लब. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या विक्रमाला नऊ धावा कमी. आणि मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून देतात! पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी पुण्यात ही गोष्ट सांगताना आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. निंबाळकर पुढे एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. पण एक बघा. कुणी असं म्हटलं का की अन्याय झाला, म्हणून त्यांच्या नावावर नऊ धावा लिहा? किंवा असं की सामना अर्धवट राहिला, म्हणून पुन्हा खेळवा? नाही. ४४३ आहेत ते ४४३ राहिले. ते एकदाच घडलं आणि जसं घडलं तसं लिहिलं गेलं, म्हणूनच तो अन्याय आपल्याला आजही नेमका दिसतो. पुन्हा खेळवून ७० धावा केल्या असत्या तर आज आपण कशाबद्दल बोललो असतो?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं. बरं, हिशेब भरभर सांगते.

समजा क्वार्टरबॅकच्या प्रत्येक फेकीला इंटरसेप्शनची शक्यता अडीच टक्के आहे. सीझनमध्ये ५०० फेकी. अपेक्षा साडेबारा इंटरसेप्शनची. पण प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, येतं साधारण साडेतीन. म्हणजे क्षमतेत कणभर बदल न होता एका वर्षी नऊ आणि दुसऱ्या वर्षी सोळा हे अगदी सहज घडेल. लोक ज्याला उतार म्हणत होते तो उतार होता, असं त्या आकड्यांवरून म्हणताच येत नाही. खऱ्या फुटबॉलमध्ये हे पडताळायची सोय नाही, कारण खरी क्षमता कुणालाच दिसत नाही. सिममध्ये सीझन संपल्यावर रेटिंग उघडून बघता येतं. मी बघितलं. त्याचं निर्णयक्षमतेचं रेटिंग हललं नव्हतं.

आता तो एक सामना घ्या. ३५ फेकी, तीच अडीच टक्के. एकही इंटरसेप्शन न होण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. तीन किंवा जास्त होण्याची सुमारे साडेपाच टक्के, म्हणजे अठरा सामन्यांतून एखादा. समोरचा बचाव कडवा असेल तर आकडे सरकतील, मुद्दा तोच राहील. पहाटेचा सात नंबर आणि संध्याकाळचा सात नंबर एकच खेळाडू होता. फक्त रँडम आकडे वेगळे पडले. सामना हजार वेळा चालवला तर त्याची क्षमता कळेल, आणि ती कळून घ्यायला मी घरच्या संगणकावर हजार वेळा चालवतेच. पण हजार सामन्यांची सरासरी ही कारकीर्द नव्हे. त्या हजारांतला जो एक वाट्याला आला, ती कारकीर्द.

आणि हा माझा मुख्य मुद्दा, कृपा करून लिहून घ्या. सामना पुन्हा सिम करा ही तक्रार नेहमी कोण करतं? हरलेला. जिंकलेला मालक कधी म्हणत नाही की माझी फाइल लागली नव्हती. म्हणजे तक्रारीवरून पुन्हा सिम केलं की दरवेळी कुणाचा तरी विजयच पणाला लागतो, पराभव कधीच लागत नाही. त्यातही दुबळ्या संघाचा अनपेक्षित विजय सर्वांत धोक्यात, कारण दुसऱ्यांदा सिम केल्यावर तो टिकण्याची शक्यता मुळातच कमी. कमिशनर कितीही सज्जन असो, नोंदवही बलवानांच्या बाजूला झुकत जाते. वीस सीझन असं चाललं तर विक्रमांच्या यादीत सात नंबरसारखे खेळाडू उरणार नाहीत, आणि नवीन येणाऱ्याला वाटेल की असे खेळाडू कधी नव्हतेच.

म्हणून मागणी साधी आहे. पुन्हा सिम कधी होईल आणि कधी नाही, हे ड्राफ्टच्या आधी लेखी ठरवा. फाइल लागली नाही याची तपासणी सिम मारण्याआधी करा, निकाल बघून नाही. तरीही करावं लागलंच, तर पहिल्या सामन्याची चालवार नोंद पुसू नका, नव्याच्या शेजारी ठेवा. ज्या प्रोग्रॅममध्ये रँडम आकड्यांचा सीड, म्हणजे ते आकडे ज्यापासून निघतात तो सुरुवातीचा आकडा, जपायची सोय आहे तिथे तो प्रत्येक आठवड्याला जपा, म्हणजे कुणालाही तोच सामना तसाच चालवून पडताळता येईल. बॅकअप एकट्या कमिशनरकडे नको, निदान दोन मालकांकडे हवा.

सात नंबरच्या पहिल्या सामन्याची नोंद मी पहाटेच उतरवून घेतली होती. तिच्या प्रती आणि इंटरसेप्शनचा हिशेब असलेले कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. पुढच्या महिन्यात ज्यांच्या लीगचे ड्राफ्ट आहेत त्यांनी नियमांचा मसुदाही तिथूनच घ्या. हॉल साडेआठला सोडायचा आहे, प्रश्न आपण खाली अंगणात घेऊ.