नवे अल्बम, सलग ऐकलेले

नमस्कार मंडळी! आज गप्पा नव्या अल्बमच्या. 2024 मध्ये आलेल्या काही अल्बमनी मला पार वेड लावलंय. त्यातल्या पाचांबद्दल बोलते. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही हं, जिथे जीव अडकलाय तिथे थांबणार, बाकी पटापट पुढे.

आधी एक सांगून टाकते. स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते ऐकलं असं मोजलं जातं, त्याच्या आत स्किप केलंत तर ते मोजतच नाहीत. मग काय होतं, की गाणं बनवणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटातच सगळं दाखवून टाकायची घाई होते, इंट्रो छाटा, हुक म्हणजे कानात बसणारी ओळ पुढे आणा, कसंही करून ऐकणाऱ्याला धरून ठेवा. यात चांगली गाणी होत नाहीत असं मी म्हणत नाही, होतात. पण मला त्या वर्षीचे जे अल्बम मनापासून आवडले ते सगळे ही घाई न करणारे निघाले.

द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचंच बघा ना. 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' 1 नोव्हेंबरला आला, आधीचा स्टुडिओ अल्बम 2008 चा, म्हणजे 16 वर्षांचं अंतर. पहिलं गाणं 'अलोन'. लावलं तर गाणाऱ्याचा पत्ताच नाही! ड्रम्स जड, संथ, त्यावर सिंथचे थर, मग गिटार, परत तीच सुरावट फिरून येते, आणखी थोडी भरते, आणि तीन मिनिटं उलटून गेल्यावर कुठे त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो. तोवर आपण त्या गाण्याच्या इतके आत गेलेलो असतो की पहिला शब्द येतो तेव्हा काटा येतो अंगावर. आणि आवाज! अल्बम आला तेव्हा माणूस 65 वर्षांचा होता हो, आणि आवाज जवळजवळ तोच, 80 च्या दशकातल्या रेकॉर्डवरचा. आठच गाणी आहेत, पन्नास मिनिटांच्या आत सगळं संपतं. शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांच्या वर आहे आणि त्यात तर गायन निम्मं गाणं होऊन गेल्यावर येतं. मधे एक गाणं त्याने आपल्या गेलेल्या भावावर लिहिलंय, 'आय कॅन नेव्हर से गुडबाय', त्यात पियानोची एक अगदी साधी ओळ आहे, चार सुरांची म्हणा ना, ती पुन्हा पुन्हा येत राहते आणि दर वेळी जास्त लागते. रडायला आलं, खरं सांगते. ज्यांचं कुणी गेलंय त्यांनी हे जरा जपूनच ऐका.

बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' मात्र वेगळ्या जातीचा. मार्चच्या शेवटी आला, 27 ट्रॅक, 78 मिनिटं. रेडिओवर बसून याच्याबद्दल बोलायला मला विशेष मजा येतेय कारण हा अल्बमच रेडिओ स्टेशनसारखा बांधलाय! मधेमधे कंट्रीचा बुजुर्ग गायक विली नेल्सन डीजे बनून येतो, स्टेशन बदलल्याचे आवाज येतात, जुन्या रेकॉर्डचे तुकडे ऐकू येतात आणि त्यातून पुढचं गाणं सुरू होतं. कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, म्हटलं की गोऱ्या लोकांचं संगीत असं आपल्या डोक्यात बसलंय, पण त्यातलं बॅन्जो हे तंतुवाद्य मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून आलेलं आहे, आणि स्वतः कृष्णवर्णीय असलेली बियॉन्से हा सगळा हक्क परत मागतेय. म्हणून तिने लिंडा मार्टेलला बोलावलं. या बाईंचा कंट्री अल्बम 1970 सालचा, त्या काळी कृष्णवर्णीय गायिकेने कंट्री गाणं म्हणजे काय धाडस असेल, आणि पुढे लोक त्यांना जवळपास विसरून गेले होते. त्यांचा आवाज इतक्या वर्षांनी या अल्बमवर ऐकताना फार बरं वाटलं. 'डॉटर' नावाच्या गाण्यात तर बियॉन्से मधेच एक जुना इटालियन आरिया, म्हणजे तिकडचं शास्त्रीय ढंगाचं एकल गाणं, गायला लागते आणि तोही कंट्रीच्या गिटारमधून असा सहज वर येतो की मी परत मागे नेऊन ऐकला. सत्तावीसच्या सत्तावीस ट्रॅक हवे होते का? नाही. शेवटाकडे दोन-तीन कमी चालले असते. पण तुकड्यांत ऐकलात तर रेडिओची कल्पनाच हरवते, तेव्हा सलगच ऐका.

टेलर स्विफ्टचे चाहते रागावतील, पण बोलते. 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' एप्रिलमध्ये आला तेव्हा 16 गाणी होती आणि दोन तासांत आणखी 15 आली, एकूण 31, दोन तासांच्या वर ऐकायचं. शब्द तिचे अजूनही धारदार आहेत, शंका नाही. पण चाली एकमेकींत मिसळायला लागतात. यातली बारा निवडली असती तर तिच्या सगळ्यात चांगल्या अल्बममध्ये हा बसला असता, असं माझं प्रामाणिक मत.

बिली आयलिश मात्र उलट. 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', दहा गाणी, 44 मिनिटं, आणि रिलीजच्या आधी एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, सोडलं नाही, लोकांनी पूर्ण अल्बम एकदम ऐकावा म्हणून. भाऊ फिनियस सोबत आहेच. यातली गाणी अर्ध्यावर रूप बदलतात, 'लामूर द मा वी' मऊ, निवांत चालत असतं आणि अचानक धाडधाड सिंथ सुरू होतात, अगदी दुसरंच गाणं! शेवटच्या 'ब्लू' मध्ये पहिल्या गाण्याचे सूर व्हायोलिनांवर परत येतात, हे शफलवर, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने, ऐकणाऱ्याला कळणारच नाही.

आता जे सगळ्यात जवळचं ते. नुसरत फतेह अली खान. ते 1997 साली गेले आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा नवा अल्बम आला, 'चेन ऑफ लाइट'! इंग्लंडमध्ये रॉक गायक पीटर गॅब्रिएलच्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत 1990 साली झालेलं रेकॉर्डिंग, टेप तिथल्याच साठ्यात पडून राहिली आणि तीस वर्षांनी सापडली. चार कव्वाल्या आहेत. खानसाहेब तेव्हा 41 वर्षांचे, गळा ऐन भरात. हार्मोनियम सुरू होते, आलाप घेतात, मग तबला आणि टाळ्या एकत्र येतात, साथीदार मुखडा उचलतात, आणि एकदा लय बसली की खानसाहेब सरगम सोडतात, अशी वेगात की सा रे ग कळेपर्यंत ते पुढच्या सप्तकात. तीच ओळ पुन्हा पुन्हा येते पण दर वेळी तिच्यात नवा जीव. जुनं रेकॉर्डिंग म्हणून खरखर असेल असं वाटलं होतं, अजिबात नाही, टाळ्यासुद्धा डाव्या-उजव्या बाजूने वेगवेगळ्या ऐकू येतात.

चारपैकी 'या गौस या मीराँ' ही कव्वाली त्यांच्या आधीच्या कुठल्याच रेकॉर्डवर नाही, सूफी संत अब्दुल कादिर जिलानींची स्तुती आहे ती. एवढा मोठा कलाकार, त्यांची एवढी रेकॉर्डिंग्ज, आणि तरी एक अख्खी कव्वाली आपण ऐकलेलीच नव्हती!

ती आता लावतेय. मधे कापणार नाही, मधे बोलणारही नाही. आवाज थोडा वाढवा. ऐका, नुसरत फतेह अली खान आणि साथी.